आधी वायरी मोजा

बँडमध्ये सॉफ्टवेअरवरून वाद होतो तो बहुतेक वेळा पहिलं गाणं रेकॉर्ड व्हायच्या आधीच. गिटारिस्टच्या मावसभावाने एफएल स्टुडिओवर बीट बनवलेले असतात, म्हणून हा त्याच्या बाजूने. बेसिस्टने कुठेतरी वाचलेलं असतं की 'प्रोफेशनल' मंडळी प्रो टूल्सच वापरतात. गायिकेकडे मॅकबुक असतं, त्यात गॅरेजबँड आयतं आलेलं असतं. मग पैसे कशाला घालवायचे, हा तिचा सरळ सवाल. ड्रमर गप्प. ड्रमसेट कोणाच्या घरी न्यायचा आणि तिथले शेजारी काय म्हणतील, एवढीच त्याची काळजी. गंमत म्हणजे या चौघांत मुद्द्याचा प्रश्न फक्त ड्रमरला पडलेला आहे.

'कुठल्या सॉफ्टवेअरचा साउंड भारी?' या प्रश्नात काही दम नाही. संगणकाच्या दृष्टीने आवाज म्हणजे आकड्यांची रांग: सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० आकडे. मिक्स करणं म्हणजे अशा रांगांची बेरीज. बेरीज वहीवर केली काय, कॅल्क्युलेटरवर केली काय, उत्तर तेच यायला हवं. पटत नसेल तर घरच्या घरी करून पाहता येईल असा एक प्रयोग आहे. त्याच चार-पाच फाइली दोन वेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये घाला. कुठलाही इफेक्ट लावू नका, पातळ्या सारख्या ठेवा आणि दोन्हींतून मिक्स बाहेर काढा. मग ते दोन मिक्स एकाच प्रोजेक्टमध्ये शेजारी ठेवून एकाची पोलॅरिटी उलटी करा, म्हणजे प्रत्येक अधिक आकडा उणे होईल आणि उणे आकडा अधिक. आता दोन्ही एकदम वाजवा. काहीही ऐकू येणार नाही. एकाने दुसऱ्याला पुरतं खोडून काढलं, म्हणजेच दोन्ही मिक्स तंतोतंत एक होते. थोडा आवाज उरलाच, तर बहुधा 'पॅन लॉ' वेगळा असतो. आवाज मधोमध ठेवला की तो किती डेसिबलने दाबायचा, याचा प्रत्येक सॉफ्टवेअरचा आपापला नियम असतो. कुठे तीन डेसिबल, कुठे शून्य. एकाचा आवाज 'जास्त भरीव' वाटण्याचं गुपित पुष्कळदा एवढंच असतं. तो नियम जुळवला की तो फरकही जातो.

मग निवडायचं काय बघून? एका वेळी किती वायरी आत घेता येतात, हेडफोनमधून स्वतःचं वाजवणं किती उशिरा ऐकू येतं, चुकलेली जागा दुरुस्त करायला किती खटपट पडते, आणि पाच वर्षांनी ते गाणं पुन्हा उघडता येईल का. बाकीच्या गोष्टी आवडीनिवडीच्या. त्यावरून भांडायला हरकत नाही, पण ते भांडण गाणं झाल्यावर करावं.

वायरींचं एवढं महत्त्व का, ते कळायला थोडं मागे जावं लागेल. टेपच्या काळात यंत्रावर जितके ट्रॅक, तितकंच स्वातंत्र्य. १९६७ चा बीटल्सचा 'सार्जंट पेपर' हा आल्बम चार ट्रॅकच्या यंत्रांवर झाला. चार भरले की ते मिसळून दुसऱ्या यंत्रावर उतरवायचे, म्हणजे उरलेल्या ट्रॅकवर नवं काही भरायला जागा. यालाच बाउन्स करणं म्हणत. एकदा उतरवलं की ड्रम आणि बेस यांचं आपसातलं प्रमाण कायमचं ठरलं; नंतर बेस थोडा वर हवा होता असं वाटून उपयोग नाही. १९७९ मध्ये टॅस्कॅम कंपनीने पोर्टास्टुडिओ काढला आणि साध्या कॅसेटवर चार ट्रॅक भरण्याची सोय माणसाच्या घरात आली. जानेवारी १९८२ मध्ये ब्रूस स्प्रिंगस्टीनने न्यू जर्सीतल्या घरी या यंत्रावर शुअरचे दोन एसएम५७ माइक लावून गाणी भरली. बँडला ऐकवायचा तो कच्चा खर्डा होता. पुढे बँडसह स्टुडिओत ती गाणी पुन्हा करून पाहिली, पण जमेना. शेवटी ती कॅसेटच 'नेब्रास्का' या नावाने बाजारात आली.

रॉक बँडवाल्यांना मात्र मी टॉम शोल्झची गोष्ट सांगतो. एमआयटीतून इंजिनिअर झालेला हा माणूस पोलरॉइड कंपनीत नोकरीला होता आणि घराच्या तळघरात त्याने स्वतःचा स्टुडिओ उभारला होता. त्याच्या 'बॉस्टन' या बँडला एपिक कंपनीने करार दिला, पण अट घातली की गाणी रीतसर व्यावसायिक स्टुडिओत पुन्हा रेकॉर्ड व्हावीत. बँडमधली बाकीची मंडळी लॉस एंजेलिसला गेली आणि कंपनीचं लक्ष तिकडे गुंतलं. शोल्झ इकडे तळघरातच गाणी पुरी करत बसला. १९७६ मध्ये आलेल्या त्या पहिल्या आल्बमच्या एकट्या अमेरिकेत १ कोटी ७० लाख प्रती गेल्याची नोंद आहे. गिटारवर गिटार, त्यावर आणखी गिटार, असे थर चढवण्याची त्याची पद्धत तळघरातच बसणारी होती. तासावर भाडं मोजणाऱ्याला ती परवडली नसती.

संगणक आला तेव्हाही पहिली काही वर्षं मोजूनमापूनच ट्रॅक मिळत. १९९१ चं प्रो टूल्स चार ट्रॅकचं होतं आणि त्यासाठी वेगळं महागडं कार्ड लागे. हॅम्बुर्गच्या स्टाइनबर्ग कंपनीने १९९६ मध्ये क्यूबेस व्हीएसटी आणलं. त्याने इफेक्टची कामं संगणकाच्या प्रोसेसरवरच होऊ लागली आणि 'प्लगइन' हा प्रकार घरोघरी पोचला. पुढच्याच वर्षी याच कंपनीने असिओ नावाची ड्रायव्हरची पद्धत आणली. विंडोजच्या नेहमीच्या ध्वनियंत्रणेला वळसा घालून इंटरफेसशी, म्हणजे माइक-गिटारच्या वायरी संगणकात घेणाऱ्या डब्याशी, थेट बोलणारी ही पद्धत आजही विंडोजवरच्या रेकॉर्डिंगचा कणा आहे. आता साठ डॉलरचं सॉफ्टवेअरही ट्रॅक मोजत नाही. अडचण टेपवरून सरकून इंटरफेसच्या भोकांवर आली आहे.

तर वायरी मोजू. ड्रमसेटला स्टुडिओवाले आठ-दहा माइक लावतात, पण हौशी बँडचं काम चारांत होतं: एक किकला, एक स्नेअरला आणि दोन वरून. वरचे दोन स्नेअरपासून सारख्या अंतरावर असावेत. त्यासाठी दोरी घेऊन मोजणं हसू येण्यासारखं दिसतं, पण मोजा. अंतर वेगळं पडलं तर स्नेअरचा आवाज दोन माइकांत मागेपुढे पोचतो आणि मिसळल्यावर पोकळ वाटतो. बेसची वायर थेट इंटरफेसमध्ये जाऊ शकते. दोन गिटारच्या ॲम्पना एकेक माइक. गायकाला एक, तोही खोलीतलं सगळ्यांचं वाजवणं टिपणारा. झाले आठ. सगळे एकदम वाजवणार असाल तर आठ माइक-प्रीॲम्पचा इंटरफेस हवा; फोकसराइटचा १८आय२० किंवा बेहरिंगरचा यूएमसी१८२० ही त्यातली नेहमी दिसणारी नावं. एकेकाने भरायचं असेल तर दोन भोकांचा डबाही पुरतो, फक्त ड्रमचं कोडं उरतं. दोन भोकांचे दोन इंटरफेस जोडून चार करू, ही युक्ती सगळ्यांना सुचते. पण विंडोजवर असिओ एका वेळी एकाच यंत्राला धरतं. शिवाय दोन यंत्रांची घड्याळं स्वतंत्र चालतात, त्यामुळे गाणं संपेपर्यंत ड्रम आणि गिटार एकमेकांपासून थोडे सरकलेले असतात. मॅकवर दोन यंत्रं एकत्र जोडण्याची सोय आहे, पण तिथेही माझं मत एकच चांगला डबा घ्या असंच आहे.

'मग मोफत ऑडॅसिटी का नको?' हा प्रश्नही इथेच निकालात निघतो. १९९९ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठात सुरू झालेलं हे मोफत, मुक्त सॉफ्टवेअर तालमीचं रेकॉर्डिंग करायला, कॅसेटवरचं जुनं गाणं संगणकात घ्यायला किंवा फाइल कापायला फार चांगलं आहे. पण वर्षानुवर्षं त्याच्या तयार आवृत्तीत असिओ नव्हतं, कारण स्टाइनबर्गच्या परवान्याच्या अटी मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्यात बसत नव्हत्या. शिवाय इफेक्ट लावला की मूळ ध्वनीच बदलायचा. वाजवता वाजवता इफेक्ट कमीजास्त करण्याची सोय २०२२ मध्ये आली. बँडचं गाणं घडवण्यासाठी ते बनलेलंच नाही. त्यात त्याचा काही दोष नाही.

इंटरफेसबरोबर किंवा तशाच फुकट मिळणाऱ्या 'लाइट' आवृत्त्यांकडेही याच नजरेने बघा. एबलटन लाइव्ह लाइटमध्ये आठ ट्रॅक, प्रो टूल्स इन्ट्रोमध्ये ध्वनीचे आठ ट्रॅक. आठ म्हणजे पुष्कळ वाटतात. मग मोजायला बसा: ड्रमचे चार, बेसचा एक, ऱ्हिदम गिटार डावीकडे एकदा आणि उजवीकडे एकदा, लीडचा एक. संपले आठ, आणि गायिकेने अजून तोंडही उघडलेलं नाही. ही बीटल्सची अडचण आहे, फक्त ती आता जाणूनबुजून विकली जाते.

दुसरी गोष्ट उशिराची, म्हणजे लेटन्सीची. संगणक आवाज थेंबाथेंबाने हाताळत नाही. ठरावीक आकड्यांचा गठ्ठा साठला की पुढे ढकलतो. या गठ्ठ्याला बफर म्हणतात. ४८,००० च्या दराने १,०२४ आकड्यांचा बफर भरायला साधारण २१ मिलिसेकंद लागतात. आत येताना एक, बाहेर जाताना एक, म्हणजे ४० च्या वर. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. त्या हिशेबाने गिटारिस्टला आपली गिटार जवळजवळ पंधरा मीटरवर ठेवलेल्या ॲम्पमधून ऐकू येते. तो ड्रमच्या मागे पडतो, मग चिडतो, मग म्हणतो की आज मूड नाही. बफर १२८ वर आणला की येऊन-जाऊन पाच-साडेपाच मिलिसेकंद, म्हणजे ॲम्प दोन मीटरच्या आत. स्टेजवर तो तेवढा लांब असतोच. यावर थोडे मिलिसेकंद इंटरफेसचे आणि ड्रायव्हरचे पडतात, ते वेगळे. बफर लहान केला की प्रोसेसरवर ताण येतो आणि जुन्या लॅपटॉपवर कडकड ऐकू येऊ लागते. म्हणून रेकॉर्ड करताना लहान बफर, मिक्स करताना मोठा, ही अदलाबदल करावीच लागते. सॉफ्टवेअर जितकं हलकं, तितका लहान बफर जुन्या लॅपटॉपला झेपतो. गायकासाठी इंटरफेसवर 'डायरेक्ट मॉनिटर'चं बटण असतं. त्यातून आवाज संगणकात न शिरताच हेडफोनला जातो आणि लेटन्सीचा प्रश्नच उरत नाही. फक्त तेव्हा सॉफ्टवेअरमधलं त्या ट्रॅकचं मॉनिटरिंग बंद करा, नाहीतर तीच ओळ दोनदा ऐकू येईल.

आता माझी बाजू सांगून टाकतो. विंडोजचा लॅपटॉप, चार-पाच जणांचा बँड, बेताचे पैसे: रीपर घ्या.

रीपर लिहिणारा जस्टिन फ्रँकेल म्हणजे तोच, ज्याने गाणी वाजवणारं विनॅम्प लिहिलं. नव्वदीच्या अखेरीस सायबर कॅफेत बसलेल्या कोणालाही ते काळं-हिरवं खिडकीवजा यंत्र आठवेल. त्याची नलसॉफ्ट कंपनी १९९९ मध्ये एओएलने विकत घेतली. तो २००४ मध्ये तिथून बाहेर पडला, कॉकोस ही छोटी कंपनी काढली आणि २००५ च्या अखेरीस रीपरची पहिली आवृत्ती लोकांसमोर ठेवली. आजही ते काही मेगाबाइटमध्ये उतरतं आणि पेन ड्राइव्हवरूनही चालतं. ६० दिवस पूर्ण सॉफ्टवेअर फुकट वापरायला मिळतं, त्यातलं एकही बटण बंद ठेवलेलं नसतं. नंतर ६० डॉलर. मोठ्या व्यावसायिकांसाठी २२५ डॉलर, पण सॉफ्टवेअर तेच. वर्षाला वीस हजार डॉलरच्या आत मिळकत असणाऱ्याला साठवालं चालतं. हौशी बँडची मिळकत लक्षात घेता याची चिंता नको. ६० दिवसांनंतरही ते बंद पडत नाही, फक्त दर वेळी उघडताना पैसे भरायची आठवण करून देतं. आपल्याकडे या सौजन्याचा गैरफायदा वर्षानुवर्षं घेणारे कमी नाहीत. चौघांनी वर्गणी काढली तर एका जेवणाचा खर्च आहे.

रीपरचे दोषही सांगायला हवेत. उघडल्यावर ते करड्या रंगाच्या सरकारी फॉर्मसारखं दिसतं. कुठेही राइट-क्लिक केलं की पर्यायांची लांबलचक यादी उलगडते, आणि हवा तो पर्याय यादीतल्या यादीत दडलेला असतो. त्यात पियानो नाही, ड्रमचे नमुने नाहीत, गिटार ॲम्पची चित्रं नाहीत. ते सगळं बाहेरून आणावं लागतं. मोफत पुष्कळ मिळतं: ड्रमसाठी एमटी पॉवर ड्रम किट, गिटारसाठी न्यूरल ॲम्प मॉडेलर. पण शोधाशोध तुमच्याकडे लागली. ज्याला बसल्या जागी पूर्ण संच हवा, त्याला पहिला आठवडा जड जाईल.

मग ते रॉक बँडला का चांगलं? ही दुरुस्ती बघा. ऱ्हिदम गिटारचा टेक छान झाला, पण दुसऱ्या कडव्याच्या नवव्या मात्राखंडात बोट घसरलं आणि एक कॉर्ड बसला नाही. पूर्ण टेक पुन्हा घ्यायची गरज नाही. माउसने फक्त नववा आणि दहावा खंड निवडायचा, रेकॉर्डचा प्रकार 'टाइम सिलेक्शन ऑटो-पंच' करायचा, दोन खंड आधीपासून गाणं सुरू करायचं. गिटारिस्टने सातव्यापासून नेहमीसारखं वाजवत यायचं, हात तापलेला असावा म्हणून. रेकॉर्डिंग नवव्याच्या पहिल्या ठोक्याला आपोआप सुरू होतं, दहाव्याच्या शेवटी थांबतं. जोडाच्या दोन्ही टोकांना सॉफ्टवेअर काही मिलिसेकंदांचा क्रॉसफेड देतं, म्हणजे जुना आवाज उतरत जातो आणि नवा चढत येतो. जमलं नाही तर पुन्हा. प्रत्येक टेक मागच्याखाली जपून ठेवलेला असतो. आवृत्ती ७ पासून, म्हणजे २०२३ पासून, चार टेक एकाखाली एक मांडून हव्या त्या टेकच्या हव्या त्या तुकड्यावर माउस ओढला की तोच भाग पक्का होतो. गायकाच्या बाबतीत याचा उपयोग इतका होतो की पुष्कळदा ओळीतला एकेक शब्द वेगवेगळ्या दिवशीचा असतो. ते चांगलं की वाईट यावर बँडमध्ये दोन तट पडतात. मी गायकाच्या बाजूचा आहे.

ड्रमच्या बाबतीत अट वेगळी. चार माइकांनी एकच ठोका ऐकलेला असतो, पण मीटरभर उंचावरच्या माइकाला तो तीन मिलिसेकंद उशिरा पोचलेला असतो. हे नातं मोडायचं नाही. उशिरा पडलेला स्नेअर पुढे ओढायचा तर चारही ट्रॅक एकाच जागी कापून एकत्र सरकवायचे. एकटा स्नेअरचा ट्रॅक हलवला तर वरच्या माइकांत तो जुन्याच जागी राहतो आणि एका ठोक्याचे दोन होतात. म्हणून ट्रॅक गटाने बांधण्याची सोय ज्यात नाही, ते सॉफ्टवेअर खऱ्या ड्रमवाल्या बँडने घेऊ नये. रीपर, क्यूबेस, लॉजिक, स्टुडिओ वन, प्रो टूल्स या सगळ्यांत ती आहे.

मॅकवाल्यांना माझा सल्ला वेगळा. गॅरेजबँडने सुरुवात करा. ते २००४ मध्ये आलं तेव्हापासून लोक त्याला खेळणं म्हणत आले आहेत. रिहानाच्या 'अम्ब्रेला'मधला ड्रमचा तुकडा गॅरेजबँडबरोबर येणाऱ्या लूपपैकीच एक आहे, हे त्यांना सांगावं. त्यात नीटसा मिक्सर नाही आणि वायरी कुठून कुठे जातात यावर फारसा ताबा मिळत नाही, त्यामुळे पाच-सहा गाण्यांनंतर जागा कमी पडू लागते. तेव्हा त्याच फाइली लॉजिक प्रोमध्ये जशाच्या तशा उघडतात. लॉजिक मूळचं एमॅजिक या जर्मन कंपनीचं, २००२ मध्ये ॲपलने ती विकत घेतली. मॅकवर त्याचे पैसे एकदाच भरले की झालं. त्यातला आभासी ड्रमर तालमीला न येणाऱ्या खऱ्या ड्रमरपेक्षा बरा वाजवतो, असं म्हणणारे बँड मला माहीत आहेत. ड्रमरने हे वाक्य वाचू नये.

एबलटन लाइव्ह आणि एफएल स्टुडिओ यांच्याविषयी माझी तक्रार नाही. पहिलं बर्लिनमध्ये २००१ साली आलं; दुसरं बेल्जियमचं, १९९७ पासूनचं, आणि एकदा घेतलं की पुढच्या आवृत्त्या आयुष्यभर फुकट. दोन्ही लूप रचून गाणं उभारणाऱ्यांसाठी घडवलेली आहेत. तुमचं संगीत तसं असेल तर जरूर घ्या. गिटार, बेस, ड्रम एका खोलीत वाजवून पकडायचे असतील तर त्यांच्या वाटेवर उगाच वळसे पडतात. प्रो टूल्स मोठ्या स्टुडिओंची बोलीभाषा आहे. तिथे नोकरी करायची असेल तर शिका. २०१० पर्यंत ते स्वतःच्या कंपनीच्या किंवा ठरवून दिलेल्या यंत्रांशिवाय चालतही नसे. फक्त गाणं मिक्स करायला बाहेर पाठवायचं असेल तर प्रो टूल्स विकत घेण्याचं कारण नाही. समोरच्याला साध्या वेव्ह फाइली हव्या असतात.

वेव्ह फाइलींचं महत्त्व केकवॉकवाल्यांना विचारा. अमेरिकेत १९८७ पासून असलेलं हे सॉफ्टवेअर पुढे सोनार नावाने विंडोजवर फार लोकप्रिय झालं. २०१३ मध्ये गिटार बनवणाऱ्या गिब्सनने कंपनी घेतली. मधल्या काळात गिऱ्हाइकांना 'आयुष्यभर अपडेट' अशी योजनाही विकली गेली. नोव्हेंबर २०१७ मध्ये गिब्सनने काम थांबवलं. आयुष्य कोणाचं धरायचं, हे योजनेत लिहिलेलं नसावं. फेब्रुवारी २०१८ मध्ये सिंगापूरच्या बँडलॅबने ते विकत घेतलं आणि दोनच महिन्यांत सगळ्यांना फुकट वाटलं, म्हणून गोष्ट निभावली. आज ते पुन्हा सोनार झालं आहे. कंपन्यांचे मालक असे बदलत राहणार: एमॅजिक ॲपलकडे गेली, स्टाइनबर्ग यामाहाकडे, स्टुडिओ वन बनवणारी प्रीसोनस २०२१ मध्ये फेंडरकडे. म्हणून गाणं पुरं झालं की प्रत्येक ट्रॅक शून्यापासून शेवटपर्यंत, सगळे एका लांबीचे, २४ बिटच्या वेव्ह फाइलींमध्ये बाहेर काढा. फाइलीच्या नावात गाण्याचा टेम्पो लिहा. अशा फाइली कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये टाकल्या की आपोआप ओळीत बसतात. जागेची भीती नको: ४८,००० आणि २४ बिटला एक ट्रॅक मिनिटाला साडेआठ मेगाबाइटच्या आसपास, म्हणजे चार मिनिटांचं आठ ट्रॅकचं गाणं पावणेतीनशे मेगाबाइट.

क्रॅक केलेल्या, म्हणजे चोरीच्या सॉफ्टवेअरबद्दल एवढंच, की नीतीचा प्रश्न बाजूला ठेवला तरी त्यातलं एखादं प्लगइन ऐन जॅमरूममध्ये रुसतं आणि तासाचं भाडं चालू राहतं.

जॅमरूमचा विषय निघालाच आहे. पुण्या-मुंबईत, कोल्हापुरात फ्लॅटमध्ये ड्रम वाजवणं शक्य नसतं. त्यामुळे हौशी बँडसाठी शहाणपणाचा मार्ग असा: घरी गिटार आणि गाण्याचा कच्चा गाइड ट्रॅक क्लिकवर, म्हणजे मेट्रोनोमच्या ठोक्यावर, भरून ठेवायचा, एक दिवस जॅमरूम घेऊन ड्रमरने त्या गाइडवर सगळी गाणी वाजवायची, आणि बाकीचं निवांत घरी. आठ भोकांचा इंटरफेस विकत न घेता त्या दिवसापुरता भाड्याने किंवा उसना मिळाला तरी चालतो. जॅमरूमच्या मिक्सरला यूएसबी असेल तर आधी विचारून घ्या, की त्यातून प्रत्येक चॅनेल वेगळा निघतो का फक्त डावा-उजवा. बेहरिंगर एक्स३२ सारख्या डिजिटल मिक्सरमधून बत्तीस चॅनेल वेगवेगळे येतात. तो असला तर इंटरफेसची गरजच नाही. साध्या मिक्सरच्या यूएसबीतून दोनच येतात आणि मग ड्रम-बेसचं प्रमाण तिथेच कायमचं ठरून जातं.

घरी गिटार भरताना बारीक गुणगुण आली तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. आपल्या घरांतलं अर्थिंग आणि दोन पिनांचे चार्जर यांच्या कृपेने निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. दुष्टासारखा पंखाही बंद करा, एप्रिल असला तरी. वायफाय बंद, विंडोजचे अपडेट पुढे ढकललेले, पॉवर प्लॅन 'हाय परफॉर्मन्स'वर. आवाज भरताना सर्वांत मोठा ठोका उणे दहा डेसिबलच्या आसपास राहू द्या. २४ बिटमध्ये खाली भरपूर जागा आहे, आणि वर शून्याला लागलेला स्नेअर कुठलंही सॉफ्टवेअर परत नीट करून देत नाही.

पैसे भरण्याआधी ६० दिवसांतला एक दिवस एका कव्हर गाण्यावर घालवा. स्वतःचं गाणं घेऊ नका, त्यात सगळे भावुक होतात आणि सॉफ्टवेअरकडे कोणाचं लक्ष राहत नाही. क्लिक लावून गाइड, मग ड्रम, एक पंच-इन, एक गाण्याचा टेक, आणि शेवटी सगळ्या वेव्ह फाइली बाहेर. यात कुठे अडलात ते लिहून काढा. रेकॉर्डिंगचा दिवा लागला की वाजवणारा माणूस फोल्डर शोधत बसू शकत नाही, म्हणून संगणकासमोर कोण बसणार तेही त्याच दिवशी ठरवा. बँडमधल्या एखाद्याला आधीपासून क्यूबेस किंवा स्टुडिओ वन नीट येत असेल, आणि त्याला इतरांच्या चुका दहादा ऐकूनही कंटाळा येत नसेल, तर रीपरबद्दल मी जे लिहिलं ते सोडून द्या आणि त्याला येतं तेच घ्या.